चार बोल्ट

"निघत नाहीये," बाळ म्हणाले आणि बकलचं लाल बटण अंगठ्याने पुन्हा एकदा दाबून दाखवलं.

पावणेतीन वाजले होते. इमारतीच्या करारासाठी रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात साडेतीनची वेळ होती.

त्यांचा मुलगा मुकुल वाकून बकल बघत होता. नौपाड्यातल्या त्यांच्या जुन्या इमारतीच्या गॅरेजात दोन वर्षं बापलेक गाडी बांधत होते. चेसिस जुन्या जीपची, इंजिन भलत्याचंच, अंग फायबरचं. छप्पर नाही, दारं नाहीत. पट्टा अडकवायला खांबच नव्हता, म्हणून सांगाड्यातच पट्टा बसवलेल्या सीटा हव्या होत्या. आठ महिने शोधल्यावर त्या आंबिवलीच्या भंगारवाल्याकडे मिळाल्या. आज सकाळी बापलेकांनी त्या बसवल्या. एरवी वॉशरही मोजून घालणारे बाळ आज म्हणाले होते, "बोल्ट आत्ता हातानेच आवळ. पाना उद्या."

जेवण झाल्यावर ते "जरा बसून बघतो" म्हणाले, आणि बसले ते बसलेच.

"सकाळी एवढं सांगत होते," मुकुलची आई हेमा म्हणाली. "ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तुमचे गुडघे हे असे. मुलं खुर्चीत बसवून नेतील. तर म्हणे, मी काय गणपती आहे, मिरवत न्यायला? स्वतःच्या पायांनी जाईन!"

"जाणारच होतो," बाळ म्हणाले. "आता या पट्ट्याला काय सांगू?"

इमारत पाडून नवी बांधायची होती. गॅलऱ्यांना टेकू लागलेले होते. अकरापैकी दहा घरांच्या सह्या झाल्या होत्या, अकरावी बाळांची. आज झाली नाही तर बिल्डर सोडून जाणार होता. नव्या इमारतीत गॅरेज नव्हतं, आणि त्याविषयी बाळ वर्षभर चकार शब्द बोलले नव्हते. आख्खी इमारत तेवढ्यालाच घाबरून होती.

सेक्रेटरी आसावरी कात्री घेऊनच आली.

"काका, खरं सांगा. गॅरेज जातंय म्हणून चाललंय ना हे?"

"पट्ट्याला कात्री लागली तर सही नाही," बाळ म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता.

आसावरीने कात्री पाठीमागे नेली.

"सही घ्यायला साहेब घरी येतात म्हणे," हेमा पुटपुटली.

"त्याला आधी अर्ज लागतो, काकू. आठ दिवस जातात."

मुकुलने बकलकडे हात नेला. बाळांनी तो बाजूला सारला. "स्प्रिंग तुटेल. तू नको."

तीन वाजले. बाबा असं करतील? मुकुलला स्वतःचीच लाज वाटली. त्याने नजर खाली वळवली आणि त्याला बोल्ट दिसले.

"बाबा, सीटच काढली तर?"

"काहीतरीच!" बाळ म्हणाले. मग घड्याळ बघून, "पण बघ बाबा. वेळ कुठेय आता."

चारही बोल्ट बोटांनी फिरले. सकाळी सीटा आणणारा टेम्पोवाला काळुराम नाक्यावरच होता.

"सकाली रिकामी आनली," तो म्हणाला, "आता भरून नेतो."

ऑफिसच्या जिन्यात चार कोपऱ्यांना चौघं लागले: मुकुल, काळुराम, आसावरीचा मुलगा अद्वय आणि कागद घेऊन आलेला बिल्डरचा माणूस.

"आजोबा, झोपू नका हां," अद्वय धापा टाकत म्हणाला. "वजन वाढतं."

"भिंतीला घासतेय," बाळ म्हणाले. "डावीकडून घ्या."

दुसऱ्या मजल्यावर फाइल घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने चप्पल काढून नमस्कार केला.

क्लार्कने वर पाहिलं. "हे काय?"

"पट्टा अडकलाय," मुकुल म्हणाला.

क्लार्कने कॅमेरा सरळ केला. "फोटोत सीट येतेय. मान पुढे घ्या."

साडेतीनला पाच मिनिटं होती. अंगठा मशीनवर ठेवला. मशीनने घेतला नाही, ग्रीस लागलेलं होतं. आसावरीने आपल्या ओढणीने तो पुसला. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मशीन वाजलं.

मग सही. बाळांनी पेन कागदावर टेकवलं आणि ते थांबले. आसावरीने डोळे मिटले. बिल्डरचा माणूस ओठ हलवत जप करू लागला.

"लिहीत नाहीये," बाळ म्हणाले. "दुसरं द्या."

पाच वाजता सीट गॅरेजात परत आपल्या जागेवर बसली. आसावरी बाळांच्या पाया पडून, रडून, हसून गेली. काळुराम गेला. हेमा चहा टाकायला आत गेली. मुकुल खोक्यातून पक्कड शोधून वळला.

"बसा शांत, बाबा. आता काढतोच."

बाळांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

टक्.

त्यांनी पट्टा खांद्यावरून उतरवून त्याची नीट घडी घातली आणि दोन्ही गुडघे चोळत सावकाश पाय खाली सोडले.

"मंगळवारी दातांच्या डॉक्टरकडे जायचंय. दुसरा मजला," ते म्हणाले. "बोल्ट हातानेच आवळ."