शालनचं पान

पडद्यावरच्या शालननं विषाचा पेला ओठांना लावला आणि अख्खं थिएटर मुसमुसू लागलं. माझ्या शेजारची पांढऱ्या केसांची बाई मात्र चुकचुकली. "भाजल्याचा डाग डाव्या मनगटावर होता," ती स्वतःशीच पुटपुटली. "इथं उजव्यावर काढलाय."

मी चमकले. कादंबरी ह्यांची, सिनेमा ह्यांच्या माघारी निघाला. पण तिची ओळ न् ओळ मला पाठ आहे. डाग आहे, पण कुठल्या मनगटावर, ते ह्यांनी लिहिलेलंच नाही. मग हिला कसं ठाऊक?

लग्नानंतर मी एकदाच विचारलं होतं, "शालन खरीच होती का हो?"

"होती," हे म्हणाले होते. "विष घेऊन गेली. तिचं करणारंही कुणी नाही."

तेव्हापासून दर सर्वपित्री अमावस्येला तिच्या नावाचं पान मीच वाढत आले. एकतीस वर्षं. घरातली काडी इकडची तिकडे न करणारे हे, त्या पानातलं सगळं मात्र स्वतः डब्यात भरायचे आणि गाईला घालायला म्हणून घेऊन जायचे. यायला संध्याकाळ व्हायची.

दिवे लागले. बाईनं घाईघाईनं हातावर पदर ओढला. मी तो सरळ बाजूला केला. डाव्या मनगटावर डाग होता.

"एकतीस वर्षं तुमचं पान वाढलंय मी," मी म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली. "खीर फार छान करता तुम्ही."