साफ पाण्याच्या टाक्या

रुवैदा साडेतीन वर्षांची झाली, अजून बोलत नाही. आजी म्हणते, उशिरा बोलणारी मुलं शहाणी निघतात.

प्रयोगशाळेत डाव्या फळीवर दहा टाक्या, कारखान्याच्या नाल्याचं पाणी. उजव्या फळीवर दहा, साफ पाणी.

वेशीवर संगमरवरी पाणपोई. वर कोरलंय: 'हाजी अब्दुल-मुईन यांच्यासाठी फातिहा वाचा.' खाली दोन नळ, साखळीला पेला.

नवालच्या गळ्यावर सूज. ती ओढणी जरा वर बांधते.

आणि या सगळ्यांत इनास, नवालची धाकटी बहीण, रुवैदाची मावशी. तिला काही म्हणजे काही कळेनासं झालं होतं.

कारखान्याचा नाला नवालच्या भातशेताला घासून जातो. गळे सुजवणारं विष त्यातूनच येतं, याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. रविवारी चौकशी समितीपुढे ते दाखवून द्यायचं, म्हणजे नाला बंद होणार होता. इनासचे साक्षीदार होते बेडूकमासे, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्लं. पाण्यातल्या रसायनानं गळ्यातली थायरॉइड मंदावली, की त्यांना पाय फुटत नाहीत, शेपूट जात नाही. माणसातही आईची थायरॉइड मंदावली, की पोटातल्या बाळाचा मेंदू मागे राहतो.

पण डावीकडचे सगळे बेडूक होऊन झाकणावर डोकी आपटत होते. उजवीकडचे अंगठ्याएवढे फुगले होते आणि अजून मासेच होते.

ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला तिनं प्रयोगशाळेच्या शिपायावर, शहाताकाकांवर, संशय घेतला होता. टाक्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केलीत का, असं तोंडावर विचारलं होतं.

"डॉक्टरबाई, एकदा बायकोची चप्पल घालून कामावर आलोय, ते कबूल," ते म्हणाले होते. "चिठ्ठीला हात नाही लावला."

मग तिनं चिठ्ठ्या स्वतः चिकटवल्या, खोलीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. काकांनी रागानं तिचा चहा बंद केला. दोन महिने ती एकटीच टाक्या धूत होती, आणि आज पुन्हा तेच.

काका दारात उभे राहून बघत होते. हातात चहाचे दोन पेले होते. एक त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"खाणं एकच, उजेड एकच, हात तुमचेच. राहिलं काय? पाणी. हे साफ पाणी असतं कुठलं?"

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पिल्लं मरतात, असं ती सांगू लागली. म्हणून दर आठवड्याला ती गावाहून, वेशीवरच्या पाणपोईतून कॅन भरून आणायची. बाबा गेल्यावर त्यांच्या नावानं पाणपोई बांधली, त्यासाठी ऐंशी मीटर खोल बोअर खणली. सगळं गाव तेच पितं.

"तपासलं होतं?"

"बाबांच्या नावाचं पाणी कोण तपासतं, काका? आमची नवाल तर नाल्याच्या धास्तीनं दुसरं पाणी तोंडालाच..."

इनासनं मान वळवली. उजवीकडच्या टाकीत एक जाडजूड मासा काचेला तोंड लावून उघडमीट करत होता.

चार वर्षांपूर्वी पाणपोईचा नळ पहिल्यांदा सोडला, तेव्हा बरकत यावी म्हणून पहिला पेला नवालला दिला होता. तिला रुवैदाच्या वेळचा दुसरा महिना होता.