कोंबडीला सांगितलेलं

सोनाबाई पडवीत भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा उजवा हात तिचा राहिला नव्हता. किशोरीने दोन्ही हात पुढे धरायला लावले. डावा राहिला, उजवा ओल्या फडक्यासारखा मांडीवर पडला. दात दाखवा म्हटलं तर अर्धंच तोंड हललं. नाव विचारलं तर घशातून नुसती घरघर आली.

अॅम्ब्युलन्सवर किशोरीला तीन वर्षं झाली होती, पण हे बघायला तिला गेल्या महिन्यातच शिकवलं होतं. तोंड, हात, बोलणं. आणि वर घड्याळ. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत दिलं तरच उपयोगाचं. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कधी झालं असं विचारू नका, लोक अंदाजाने ठोकून देतात. धड असताना शेवटचं कधी बघितलं, ते विचारा.

तिने सुनेला विचारलं. सुचिता खांबाला धरून उभी होती. म्हणाली, दीड वाजता घरघर ऐकून बाहेर आले तर ह्या अशा. त्याआधी सासू शेवटची बोलली ती परवा.

दारात आलेल्या शेजारच्या वेणूबाईने सांगून टाकलं की हे अंगावरून वारं गेलंय, चोळणाऱ्याकडे न्या, दवाखान्यात काय ठेवलंय. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण त्यावाचून तिचं कधी अडलंही नव्हतं.

परवा. ड्रायव्हर धर्माने स्ट्रेचर उघडता उघडता मान हलवली. परवा म्हटलं तर मोठ्या दवाखान्यात कोणी इंजेक्शनला हातही लावणार नाही.

"परवापासून अशाच बसल्यात?" किशोरीने विचारलं.

"न्हाय." सुचिता जमिनीकडे बघत म्हणाली. "आमचा अबोला हाय. वालाच्या बिरड्यात गूळ जास्ती पडला."

किशोरीच्या घरीही सासू होती.

"मग तुला ऐकवायचे टोमणे कोणाला मारतात?"

सुचिताने अंगणातल्या तांबड्या कोंबडीकडे पाहिलं.

"शेवटचा कधी मारला?"

"मुरूडची एसटी गेली तवा. साडेअकरा."

"काय म्हणाल्या? शब्दाला शब्द सांग."

सुचिताची नजर वेणूबाईवर गेली. सासूने माहेराचं काढलेलं उणं आपल्याच तोंडाने तिच्यासमोर बोलायचं, त्यापेक्षा चुलीत हात घातलेला बरा. संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं. धर्माने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

मग सुचिता एका दमात बोलली. "म्हणाल्या, खा गं बाय, कण्या तरी खा. हिच्या म्हायेरी भिकाऱ्यालाबी असलंच बिरडं वाढत असतील. आमच्यात कोंबडीबी तोंड लावीत न्हाय."

"जीभ कुठे अडखळली?"

"त्यांची?" सुचिताने वर पाहिलं. "जल्मात न्हाय."

कण्या कुठल्या हाताने टाकल्या, तेही किशोरीने विचारलं. सुचिताने आपला उजवा हात उचलून फेकून दाखवला.

किशोरीने फोन लावला. साडेअकराला स्वच्छ बोलत होत्या, उजवा हात चालत होता, सुनेने डोळ्यांनी बघितलंय. पलीकडचे डॉक्टर म्हणाले, आणा, स्कॅनची तयारी ठेवतो. दोन वाजले होते. रस्ता दीड तासाचा.

गाडी वळणावळणाने निघाली. सुचिता सासूच्या पायाशी बसली. थोरलीने धरलेला अबोला धाकटीने मोडायचा नसतो, एवढं वळण त्या घरात अजून होतं. तिने सासूच्या पडलेल्या हाताकडे पाहिलं. मग शेजारच्या ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे वळली.

"सांग त्यांना," ती त्याला म्हणाली. "घरी आल्यावर बिरड्यात गूळ त्यांनीच घालायचा. उजव्या हातानं."

सोनाबाईचं अर्धं तोंड लोंबलेलंच होतं. उरलेलं अर्धं तिने मुरडलं.