संगमाचं गाव

कुंदाताईंनी रविवारची पुरवणी उघडली आणि नवऱ्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून दिगंबररावांच्या तोंडून एकही शब्द फुटला नव्हता. “नुसती वाचा गेलीय, आत सगळं शाबूत आहे,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुरवणीतलं ‘ठिकाण ओळखा’ हे कोडं दिगंबरराव पूर्वी चहा निवायच्या आत सोडवायचे. म्हणून आता त्या एकेक प्रश्न त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत.

“अहो, ऐका. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, ते शहर कोणतं?”

दिगंबररावांचं बालपण कऱ्हाडातच गेलं होतं. त्याच संगमावर ते पोहायला शिकले होते. तरी ते नुसते बघत राहिले. मग कुंदाताईंना एक युक्ती सुचली. चुकीचं उत्तर दिगंबररावांना कधी सहन व्हायचं नाही. रागानं तरी जीभ सुटेल.

“नागपूर लिहू का?”

त्यांचे ओठ हलले. कुंदाताई श्वास रोखून पुढे वाकल्या.

“बरोबर,” ते म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ होता आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

स्वयंपाकघरातून लेक धावत आली. “आई, बाबा बोलले ना? काय म्हणाले?”

“बरोबर म्हणाले.”

लेक वडिलांच्या गळ्यात पडून आनंदानं रडू लागली. कुंदाताईंनी तिला काही सांगितलं नाही. पेन उचलून त्यांनी चौकटीत नागपूर लिहिलं.