दार लागलं की लागलं

बसचं दार लागलं तेव्हा ती दोघं थांब्याच्या फलकापाशी, बसपासून वीस पावलांवर होती. नवरा निवृत्त बसचालक, आणि बायको त्याच्या हट्टापायी दीपगृहाच्या सगळ्या पायऱ्या चढून-उतरून दमलेली. खाली बंदरात त्यांचं पर्यटनाचं जहाज उभं होतं. चार वाजता त्याची शिडी उचलणार होते. आता तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पळा!" बायको म्हणाली.

"घाई कसली? तीन वीसची आहे ना. लिहून आणलंय मी."

बायकोने थांब्यावरच्या फलकाला बोट लावलं. "अहो, तुम्ही लिहून आणलात तो हा रकाना सोमवार ते शनिवारचा. आज रविवार आहे. पुढची बस थेट चार दहाला."

जहाजावर सगळेच वार रविवारसारखे जातात. त्यात एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसावर प्रवाशांचं वेळापत्रक वाचायची पाळी कधी आलीच नव्हती. डेपोत हातात ड्यूटीचा कागद पडायचा आणि तो निघायचा.

तो पळाला. गुडघ्याला पट्टा, खांद्याला पिशवी, पिशवीत जहाजावर नाश्त्याच्या वेळी भरून घेतलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. एक हात वर करून तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. चालकाला आपण आरशात दिसतोय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. असे पळणारे त्याने स्वतः हजारांनी पाहिले होते, आणि 'दार लागलं की लागलं' म्हणत दर वेळी गिअर टाकला होता.

वळणावर बसचे मागचे लाल दिवे लागले. बस थांबली. दार उघडलं.

त्याने एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा रस्त्यावरच राहू दिला, आणि बायको पोचेपर्यंत तसाच उभा राहिला. असं अडवून धरणाऱ्या प्रवाशांवर तो आयुष्यभर खेकसत आला होता. दोघं आत आल्यावर या चालकाने फक्त मागच्या रिकाम्या सीटकडे हात केला.

बसल्यावर बायकोने बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि तिला हसू फुटलं. त्यालाही फुटलं. सुटलो एकदाचे, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

"जहाजवाल्यांची सहल घेतली असती तर हे झालं नसतं," ती म्हणाली.

"माणशी केवढे मागत होते ते पाहिलंस ना? तिथे पाण्याच्या बाटलीचंसुद्धा वेगळं बिल. उद्या श्वास मोजतील."

"त्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. आपल्यासाठी नाही थांबत. मग पुढच्या बंदरापर्यंत विमानाने जा, तेही पदरच्या पैशाने. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

तो चालकाच्या पाठीकडे बघत राहिला.

"दीपगृहावर भेटलेल्या त्या आजी आणि नात कुठे राहिल्या हो? त्याही आपल्यासारख्या आपापल्याच फिरत होत्या."

"येतील टॅक्सीने."

बस उतार उतरू लागली. बायकोने पदराने घाम टिपला.

"एक विचारू? त्याच्या जागी तुम्ही असतात, तर थांबला असतात?"

तो खिडकीबाहेर पाहू लागला.

"लग्नाला दोन महिने झाले होते," ती म्हणाली. "थांब्यावर मी धावत आले होते. सहा पावलं राहिली होती. दार लावलंत आणि गेलात."

"गाडीला तेव्हा दोन मिनिटं उशीर झाला होता."

"माझ्या हातातला डबाही तुमचाच होता."

दोघं पुन्हा हसली, पण त्याचं हसू लवकर संपलं. बंदराच्या थांब्यावर उतरताना तो चालकाजवळ क्षणभर घुटमळला. मग त्याने कपाळाशी हात नेऊन सलाम केला. चालकाने मान हलवली, आरशात पाहिलं आणि दार लावलं.

धक्क्यावर पोचायला आणखी पंधरा मिनिटं लागली. चारला तीन मिनिटं कमी होती. शिडीपाशी रक्षक एकटाच उरला होता आणि वरून खलाशी त्याला हाताने खुणा करत होते. बायकोने आपलं जहाजाचं कार्ड दाखवलं आणि ती शिडी चढू लागली. तिचा जीव भांड्यात पडला.

त्याने सहज मागे पाहिलं. दूर बंदराच्या फाटकापाशी टॅक्सीतून दोघी उतरत होत्या. नात आजीचा हात धरून ओढत होती, आणि आजी जमेल तशी पळत होती.

रक्षकाने घड्याळात पाहिलं आणि कार्डासाठी हात पुढे केला.

नवऱ्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथूनच परत फिरला. त्याने पँटचा डावा खिसा चाचपला, मग उजवा, मग मागचा.

"अहो, वरच्या खिशात आहे!" बायको शिडीवरून म्हणाली.

"माहीत आहे," तो हळूच म्हणाला. एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवून, दुसरा धक्क्यावर तसाच राहू देत, तो पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढू लागला.