अकरा सेकंद

बरोबर सातला घड्याळजींनी जिन्याच्या लोखंडी कठड्यावर हातोडी मारली. टण्! चौथ्या मजल्यावरचा तो ठोका गजागजांतून थेट तळमजल्यापर्यंत गेला आणि आठ घरांत आठ अंगठे मोबाइलवर पडले.

किराणा घरपोच देणाऱ्या दुकानाचे उद्याचे स्लॉट सातला उघडत आणि अर्ध्या मिनिटात संपत. गावभर आजार, घराबाहेर पडायची सोय नाही, त्यामुळे ज्याच्या हाती ससा तो पारधी. इमारतीने मात्र आपला शिरस्ता ठरवला होता. एका घराने एकच स्लॉट घ्यायचा. ग्रुपवर ‘मिळाला’ एवढंच लिहायचं, फुशारकी नाही. ज्याचा हुकेल त्याचे कांदेबटाटे आपल्या यादीत घ्यायचे. आणि वेळ सांगायची घड्याळजींनी, कारण त्यांच्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाला चाळीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं.

ठोका देऊन ते आत धावले. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करताना रॉकेलमध्ये त्यांची चाकं धुऊन त्यांच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती, की फोनची काच त्यांना ओळखतच नसे. त्यांनी बोट वाटीतल्या पाण्यात बुडवलं, पुन्हा दाबलं. सगळे चौकोन करडे पडले होते. ग्रुपवर आठ वेळा ‘मिळाला’ आलं होतं.

“हुकला ना?” पलंगावरून बायकोने विचारलं. ऑपरेशन झाल्यापासून तिच्या पोटात डॉक्टरांनी सांगितलेली एकच पावडर टिकत होती, आणि ती ज्याच्या खात्याला चिठ्ठी जोडलेली त्यालाच मिळायची. डब्यात उद्यापुरते दोन चमचे उरले होते. “अहो, एक दिवस ठोका दुसऱ्या कुणाला द्यायला सांगा. आठवडा झाला, रोज हुकतोय, आणि पावडरचं आपण कुणाला काही बोलतच नाही.”

“हळू बोल,” घड्याळजी म्हणाले. “दार उघडं आहे.”

दार खरंच उघडं होतं, आणि खालच्या जिन्यात तळमजल्याच्या नर्सबाई ड्यूटीवरून येऊन गच्चीकडे कपडे वाळत घालायला निघाल्या होत्या. त्या वर आल्याच नाहीत. पाच मिनिटांनी ग्रुपवर त्यांचा निरोप आला.

‘घड्याळजी, फोन घेऊन बसा. सात वीसला खालून ठोका होईल. त्या ठोक्याला आम्ही आठही जण स्लॉट सोडतोय. एकच सोडला तर गावातलं कुणीतरी पापणी लवायच्या आत उचलेल. आठांतला एक तरी तुमच्या बोटाला सापडेल.’

घड्याळजींनी घाईघाईने लिहिलं, ‘नको. तुम्हाला परत मिळायचे नाहीत.’

‘ठोका होईपर्यंत ग्रुपवर बोलू नये,’ दुसऱ्या मजल्यावरच्या जुळ्यांच्या आईने उत्तर दिलं.

ते वाटी जवळ घेऊन बसले. हातात फोन, डोळे भिंतीवर. केसाएवढी स्प्रिंग बसवणारं बोट त्यांनी पाण्यात बुडवून तयार ठेवलं. मिनिटकाटा चारवर आला, सेकंदकाटा बारावर आला आणि पुढे गेला.

ठोका झाला नाही.

दोन सेकंद. चार. त्यांना वाटलं, विचार बदलला असेल. बदलणारच, जुळ्यांचं दूध आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या रिक्षावाल्याच्या म्हाताऱ्या आईचं पथ्य आहे. सात. त्यांना कुणाचाच राग आला नाही. नऊ. बायको उशीवरून मान उचलून ऐकत होती.

टण्! कुणीतरी भलतंच काहीतरी, बहुतेक पळी, कठड्यावर हाणलं होतं.

आणि समोरचे करडे चौकोन हिरवे झाले. एक नाही, दोन नाही. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत, एकाखाली एक, आठ हिरवे चौकोन. घड्याळजी बघतच राहिले. असा देखावा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यातला दुधाचा कोणता आणि पथ्याचा कोणता, हे त्यांना कळत नव्हतं, आणि दाबायचं म्हणजे त्यातल्याच एकावर बोट ठेवायचं.

“अहो, दाबा!” बायको ओरडली. आठवड्यात पहिल्यांदा तिचा आवाज एवढा मोठा निघाला.

त्यांनी ओलं बोट टेकवलं. काचेने दाद दिली नाही. पुन्हा टेकवलं. वरचे तीन चौकोन तेवढ्यात विझले, मग आणखी एक. तिसऱ्यांदा काचेने त्यांना ओळखलं.

उरलेले हिरवे चौकोनही एकेक करून गेले. कुठल्यातरी गल्लीत, कुठल्यातरी स्वयंपाकघरात, कुणाचा तरी जीव भांड्यात पडला असणार. इमारतीत आता एकच स्लॉट उरला होता. आभार कसे लिहायचे ते घड्याळजींना सुचेना. शेवटी शिरस्त्याप्रमाणे त्यांनी ‘मिळाला’ एवढंच लिहिलं, आणि त्याखाली सगळ्यांनी आपापली कांदेबटाट्याची यादी पाठवावी असं लिहिलं.

“अकरा सेकंद उशीर झाला त्यांना,” ते डोळे पुसत म्हणाले.

मग ते उठले, भिंतीवरच्या घड्याळाचं दार उघडलं आणि लंबक दोन बोटांत धरला. घरातली टिकटिक थांबली.

“अहो, हे काय करताय? उद्या सातला लोकांचे स्लॉट जातील!”

“सातचा ठोका मनगटावरच्या घड्याळावर देईन,” ते म्हणाले. “हे मात्र यापुढे त्यांच्या वेळेने चालेल.”

त्यांनी मनातल्या मनात अकरापर्यंत मोजलं आणि लंबक सोडला.