पत्र्यावरचे ठिपके

“ताई, तुम्हीच वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं,” साहेब म्हणाले, आणि टाळ्या वाजवणारा टेलिफोन ऑपरेटर मध्येच थांबला.

ताईंच्या निरोपाची पाटी त्यानंच केली होती. पितळेचा पत्रा, वर रंगवलेली ‘सर्वांकडून आभार’ ही ओळ आणि खाली ब्रेलचे ठिपके. ताईंना दिसत नव्हतं. बारा वर्षं दोघं ऑफिसच्या टेलिफोन बोर्डावर शेजारी शेजारी बसत होते. पंधरा दिवस तो ब्रेलचा तक्ता समोर ठेवून, खिळा-हातोडीनं एकेक ठिपका ठोकत होता. बोटांची सालटी निघाली. ठिपक्यांतही आभारच आहेत, असं त्यानं ऑफिसात सांगून ठेवलं होतं. ताईंशिवाय ते वाचणार कोण होतं? सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली ठिपक्यांत खरं लिहिलं होतं, ‘फोन चुकीचे जोडत होतो तो मी. नाव तुमचं सांगितलं. माफ करा.’

तक्रारी वाढल्यावर साहेबांनी दोघांपैकी एकाला काढायचं ठरवलं होतं. याच्या घरी दोन लहान पोरी आणि अंथरुणाला खिळलेली आई. तो घाबरला आणि साहेबांपाशी एक वाक्य बोलून बसला. ताईंना दिसत नाही म्हटल्यावर त्या वाक्याची कुणी शहानिशाही केली नाही आणि ताईंनाच काढायचं ठरलं.

ताईंनी पाटी मांडीवर घेतली. बोटं पहिल्या ओळीवर सरकली, थबकली, परत सुरुवातीला गेली, मग थेट शेवटापर्यंत. तो त्या बोटांकडे बघत होता. आता यांनी तोंड उघडलं की नोकरी गेली, अब्रूही गेली.

“साहेब, हे उलटं झालंय,” ताई म्हणाल्या. “यानं मागून ठोकताना अक्षरं सरळ ठोकली. पुढे ती आरशातल्यासारखी उमटलीत. यातून काय कळणार?”

एकच हशा पिकला. वरची ओळ पुरे, भावना पोचल्या, असं साहेब म्हणाले. तोही सगळ्यांबरोबर हसला. वाचलो बाबा, असं त्याला वाटलं. पण ताई आता काही न कळताच निघून जाणार, हे ध्यानात आलं आणि त्याचं हसू विरलं. माफी मागायची, तीही त्याला धड जमली नव्हती. असला करंटा माणूस.

ताईंची पिशवी घेऊन तो फाटकापर्यंत गेला. ताईंनी त्याचा कोपर धरला होता. तीनदा तो सांगायला गेला आणि तीनदा गाडीच्या वेळेबद्दलच बोलला. गाडी आली. ताईंनी काखेतली पाटी काढून त्याच्या हातात परत दिली.

“अरे, आम्ही लिहितोसुद्धा असंच. मागून टोचून, उलटं. शाळेत पहिल्या दिवसापासून,” त्या हळूच म्हणाल्या. “मला सगळं वाचता आलं. पण हे मोठ्यानं वाचायचं काम माझं नाही, तुझं आहे.”